विश्वाबद्दलच्या कल्पना सारख्या बदलतात, मग मुलीनं प्रकल्पात लिहायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी निपाणीच्या मराठी शाळेत नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं 'विश्वाबद्दलच्या कल्पना कशा बदलत गेल्या' हा विषय घेतलाय. घरी आजोबा म्हणतात की हे शास्त्रज्ञ दर पंचवीस वर्षांनी मत फिरवतात, आपल्याकडे सगळं आधीच लिहून ठेवलंय. मोबाइलवरचा एक व्हिडिओ सांगतो की जेम्स वेब दुर्बिणीनं महास्फोटाचा, म्हणजे विश्व एका तप्त आणि दाट अवस्थेतून पसरत आलं असं सांगणारा, सिद्धांत खोटा पाडला. आणि पोरीनं तुम्हाला विचारलं, "आज लिहिलेलं उद्या खोटं ठरणार असेल, तर लिहू कशाला?"

मी बेळगावात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आलोय आणि पावसाळा सरला की मुलांना घेऊन जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आकाश बघायला जातो. हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, आणि जो विचारतो त्याच्याकडे मी जास्त लक्ष देतो. तुमच्या मुलीला अडलंय ते विश्वापाशी नाही. जी गोष्ट बदलते तिच्यावर भरवसा किती ठेवायचा, इथं तिचं घोडं अडलंय. ते सुटल्याशिवाय तिनं कितीही चांगला तक्ता रंगवला तरी परीक्षकानं एक उलट प्रश्न विचारला की ती गडबडणार.

माझं सांगणं एवढंच: कोणी काय मानलं याची यादी करू नका. मत बदलायला कुठल्या मोजमापानं भाग पाडलं, ते लिहा. मतं बदलतात, मोजमापं साचत जातात. नवा सिद्धांत आला तरी त्याला आधीची सगळी मोजमापं पदरात घेऊनच पुढं जावं लागतं.

किती खोलात जायचं ते तुमच्यावर आहे. तिला आलेख काढता येतो का, 'अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो' हे तिनं शिकलंय का, प्रदर्शन कधी आहे, घराजवळ अंधारी जागा आहे का, यावर बरंच अवलंबून राहील. मी खाली जरा सढळ हातानं लिहितोय, त्यातलं झेपेल तेवढं घ्या.

सुरुवात आपल्याकडूनच करूया. पृथ्वी कशावर टेकलीय, शेष की कूर्म की दिग्गज, हा प्रश्न भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात घेतलाय. त्यांचा युक्तिवाद असा की पृथ्वीला आधार लागतो म्हणाल तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा, आणि याला अंत नाही. शेवटी कुठंतरी 'हा आपल्याच शक्तीनं उभा आहे' असं म्हणावंच लागणार असेल, तर ते पहिल्या पायरीवर पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? हे वाचल्यावर वर्गात मुलं गप्प होतात. त्याच्याही साडेसहाशे वर्षं आधी, ४९९ साली, आर्यभटांनी पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं लिहिलं होतं. पुढच्या बहुतेक ज्योतिषगणितींनी ते मानलं नाही. ब्रह्मगुप्तांनी तर खोडून काढलं. म्हणजे ज्या परंपरेत 'सगळं आधीच होतं' म्हणतात, त्या परंपरेत जाणकार एकमेकांशी कडाकडा भांडत होते.

सूर्य मध्यभागी आहे हे कोपर्निकसनं १५४३ मध्ये मांडलं, तेव्हाही विरोधकांकडे एक भक्कम मुद्दा होता. पृथ्वी खरोखर सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांनी जवळचे तारे लांबच्या ताऱ्यांच्या मानानं किंचित सरकलेले दिसायला हवेत. ते सरकलेले दिसत नव्हते. टायको ब्राहे यानं डोळ्यांनी घेता येतील तेवढी अचूक मोजमापं घेतली आणि त्यालाही ते दिसलं नाही. याचे अर्थ दोनच: पृथ्वी हलत नाही, किंवा तारे कल्पनेबाहेर लांब आहेत. १८३८ मध्ये बेसेलनं हंस तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याचं ते सरकणं मोजलं. एका अंशाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढं भरलं ते. तारा निघाला जवळजवळ ११ प्रकाशवर्षं लांब. कोपर्निकस ते बेसेल, मध्ये २९५ वर्षं. तुमच्या वडिलांना सांगा, 'मत फिरवणं' इतकं सोपं नसतं. मधल्या काळात गॅलिलिओनं १६१० मध्ये गुरूचे चंद्र आणि शुक्राच्या कला पाहिल्या, केप्लरनं लंबवर्तुळं दिली, न्यूटननं १६८७ मध्ये त्यामागचं बळ सांगितलं. हे सगळं शाळेच्या पुस्तकात येतंच, त्यावर मी थांबत नाही.

खरी मेख पुढं आहे: अंतर मोजायचं कसं? बेसेलची पद्धत जवळच्या ताऱ्यांपुरती चालते. त्यापलीकडे काय? विश्वाच्या कल्पनांचा विसाव्या शतकातला सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. आणि त्याचा पहिला टप्पा तुमची मुलगी निपाणीतून, दुर्बिणीशिवाय, स्वतः बघू शकते. प्रकल्पात दुसरं काही नसलं तरी हे असावं असं मला मनापासून वाटतं.

नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी साडेसातच्या सुमारास उत्तरेकडं तोंड करून उभं राहायचं. हायवेच्या उजेडापासून थोडं आत, सोयाबीन निघून मोकळं झालेलं रान मिळालं तर उत्तमच. उजव्या हाताला शर्मिष्ठेचा वाकडातिकडा एम दिसेल. तिच्या डावीकडं, क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या साधारण मध्यावर, पाच मंद ताऱ्यांचा पंचकोन आहे. तो वृषपर्वा. त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण सापडतो. त्यातला सगळ्यात उजवीकडचा तारा म्हणजे डेल्टा. उरलेल्या दोघांतला एक, झेटा, ३.४ प्रतीचा, आणि दुसरा, एप्सिलॉन, ४.२ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद). हे दोघे ठाम राहतात, डेल्टाचं तेज मात्र ३.५ पासून ४.४ पर्यंत खालीवर होतं. कधी तो झेटाच्या बरोबरीला येतो, कधी एप्सिलॉनपेक्षाही फिका पडतो.

रोज एकाच वेळी बघायचं आणि वहीत एवढंच लिहायचं: तारीख, वेळ, आणि डेल्टा त्या दोघांच्या मध्ये कुठं बसतो. ढगाळ असेल तर 'ढग' लिहायचं, अंदाजानं काही भरायचं नाही. तीन आठवड्यांत आकडे जमतात. या ताऱ्याचा फेरा ५ दिवस ९ तासांचा आहे. त्यामुळं रोज एकाच वेळी बघितलं तरी दर फेऱ्याला वेगळा टप्पा हाती लागतो. पहिल्या नोंदीपासूनच्या दिवसांना ५.३७ नं भागून बाकी घ्यायची आणि त्या बाकीसमोर तेज मांडायचं, की सगळे फेरे एकावर एक बसतात आणि आकार दिसायला लागतो: दीडेक दिवसात झपकन वर, मग चार दिवस सावकाश खाली. जॉन गुडरिक नावाच्या इंग्लंडमधल्या विशीतल्या तरुणानं १७८४ मध्ये हेच केलं होतं. त्याला ऐकू येत नव्हतं, आणि त्याच्याकडची साधनं तुमच्या मुलीपेक्षा फार बरी होती असं नाही.

या ताऱ्याच्या जातीला वृषपर्वा प्रकारचे रूपविकारी तारे म्हणतात. हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेविट पेरूहून आलेल्या छायाचित्रांच्या काचा तपासत असे. लहान मॅजेलन मेघातल्या अशा २५ ताऱ्यांचा तक्ता १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. (हा मेघ आपल्या अक्षांशावरून जेमतेम क्षितिजाशी येतो, दिसत नाही म्हटलं तरी चालेल.) तिला आढळलं की ज्याचा फेरा लांब, तो तारा जास्त तेजस्वी. हे सगळे तारे एकाच मेघात, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. तेव्हा दिसणाऱ्या तेजातला फरक हा खऱ्या तेजातलाच फरक. याचं महत्त्व असं: रात्री लांबच्या मळ्यातला बल्ब किती वॅटचा आहे हे ठाऊक असेल तर तो किती मंद दिसतो यावरून मळा किती लांब ते काढता येतं. लेविटनं ताऱ्याचा वॅट वाचायची युक्ती दिली. फेरा मोजा, वॅट कळला. वॅट कळला, अंतर कळलं.

आता देवयानी. शर्मिष्ठेपासून थोडं वर, त्याच नोव्हेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास, अंधाऱ्या आकाशात एक धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. जांबोटीच्या पुढं तो सहज सापडतो, येळ्ळूरच्या राजहंसगडावरून मात्र शहराच्या उजेडात शोधावा लागतो. हा ठिपका आपल्याच आकाशगंगेतला वायूचा ढग, की तिच्याबाहेरची स्वतंत्र दीर्घिका, म्हणजे आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह? १९२० मध्ये वॉशिंग्टनला शॅपली आणि कर्टिस या दोन खगोलशास्त्रज्ञांनी यावर जाहीर वाद घातला. निकाल लागला नाही, कारण मोजमाप नव्हतं. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलनं माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीचं छायाचित्र घेतलं. एका ठिपक्यापाशी त्यानं आधी नवतारा (अचानक उजळणारा तारा, इंग्रजीत नोव्हा) म्हणून 'एन' अक्षर लिहिलं होतं. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर ते खोडून 'व्हार' असं लिहून पुढं उद्गारचिन्ह दिलं. तो लेविटच्या जातीचा रूपविकारी तारा होता, फेरा सुमारे ३१ दिवसांचा. हिशेब केला तर अंतर ९ लाख प्रकाशवर्षं आलं. आकाशगंगेच्या कुठल्याही अंदाजापेक्षा ते कितीतरी जास्त होतं. वाद मिटला. १९२५ च्या सुरुवातीला हे जाहीर झालं आणि विश्व एका दीर्घिकेचं राहिलं नाही.

आज आपण देवयानीचं अंतर २५ लाख प्रकाशवर्षं मानतो. मग हबल चुकला का? इथं मुलीला थांबवून विचारा: काय बदललं आणि काय टिकलं? 'देवयानी बाहेरची आहे' हे टिकलं. आकडा बदलला. का बदलला ते आता सांगतो, कारण महास्फोटाच्या गोष्टीतली सगळ्यात शिकण्याजोगी घडामोड तीच आहे.

दीर्घिकांचा प्रकाश वर्णपटात लाल बाजूला सरकलेला दिसतो, म्हणजे त्या दूर चालल्यात, हे व्हेस्टो स्लायफरच्या मोजमापांवरून १९१० च्या दशकात कळू लागलं होतं. आइन्स्टाइननं १९१५ मध्ये दिलेल्या समीकरणांतून विश्व प्रसरण पावणारं किंवा आकुंचणारं निघतं हे रशियात फ्रीडमननं १९२२ मध्ये दाखवलं. बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यानं १९२७ मध्ये ते दीर्घिकांच्या वेगांशी जोडलं, आणि १९२९ मध्ये हबलनं अंतर आणि वेग यांचा आलेख मांडला: दुप्पट लांब, तर दुप्पट वेग. यातून 'आपण मध्यभागी आहोत' असा अर्थ निघत नाही. प्रत्येक अंतर एकाच पटीत वाढत असेल तर कुठल्याही दीर्घिकेत उभं राहून बघितलं तरी नेमकं हेच दिसतं. मधल्या एका जागी बॉम्ब फुटला आणि तुकडे रिकाम्या जागेत उडाले असं चित्र मुलीनं काढू नये. परीक्षक जाणकार असेल तर पहिला प्रश्न त्यावरच येईल. प्रसरण जागेचंच आहे.

प्रसरणाचा वेग माहीत असला की उलटा हिशेब करून सगळं एकत्र कधी होतं ते काढता येतं. हबलच्या आकड्यांवरून उत्तर आलं सुमारे २०० कोटी वर्षं. आणि इकडं खडकांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून पृथ्वीचं वय त्याहून जास्त निघू लागलं. आईपेक्षा लेक मोठी. इथं दोन वाटा होत्या. एक, प्रसरणाची कल्पनाच टाकून द्यायची. दुसरी, अंतरं तपासायची. दुसरी वाट वॉल्टर बाडे यानं धरली. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे विझवले जात, माउंट विल्सनचं आकाश काळंभोर झालं, आणि त्यात त्यानं देवयानीच्या मध्यभागातले तारे सुटे करून पाहिले. त्यातून पुढं, १९५२ मध्ये, त्यानं दाखवलं की हे रूपविकारी तारे दोन जातींचे आहेत आणि आपण एकीचा वॅट दुसरीला लावत होतो. एका फटक्यात अंतरं दुप्पट झाली, वयही दुप्पट झालं. पुढच्या दुरुस्त्यांनंतर आज विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं येतं आणि पृथ्वीचं ४५४ कोटी. तुमच्या वडिलांना जे 'मत फिरवणं' वाटतं त्यातलं बरंचसं असं असतं: मोजपट्टीवरच्या खुणा नीट केल्या जातात.

सगळंच मात्र असं नसतं. काही वेळा एक अख्खी कल्पना हरते. आणि तो किस्सा तुमच्या शेजारच्या गावाशी जोडलेला आहे.

१९४८ मध्ये फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी मांडलं की विश्व पसरतंय खरं, पण त्याला सुरुवात नाही. पसरताना मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य अगदी सावकाश तयार होतं, त्यामुळं विश्व सदासर्वदा सारखंच दिसतं. हा स्थिर स्थिती सिद्धांत. महास्फोटाला 'बिग बँग' हे नावही हॉइलनंच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात वापरलं, आणि त्याला ती कल्पना मान्य नव्हती. विश्वाला आदी नाही हा विचार आपल्या भागाला परका नाही. निपाणी-चिकोडीकडच्या कितीतरी जैन घरांत 'लोक अनादी-अनंत आहे, कोणी घडवलेला नाही' हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आठशे वर्षं उभी आहे. सुरुवात आहे की नाही, यावर माणसं फार जुन्या काळापासून दोन्ही बाजूंनी विचार करत आलीत. फरक पडला तो विसाव्या शतकात, जेव्हा हा वाद मोजमापानं सोडवता येण्याजोगा झाला.

हॉइलचे विद्यार्थी जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले. निपाणीहून तासाभराची वाट. केंब्रिजमध्ये त्यांनी हॉइलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, १९६४ मध्ये त्याचा जगभर गाजावाजा झाला. त्याच काळात मार्टिन राइलची आकाशातल्या रेडिओ लहरी सोडणाऱ्या स्रोतांची मोजणी स्थिर स्थितीच्या विरोधात जात होती: लांबचे, म्हणजे जुन्या काळातले, मंद स्रोत हिशेबापेक्षा जास्त निघत होते. विश्व सदा सारखंच असेल तर असं होता कामा नये. मग १९६५ मध्ये निर्णायक मोजमाप आलं. न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनातली खरखर घालवायच्या मागं लागले होते. अँटेनातली कबुतरं हुसकली, घाण धुतली, तारा तपासल्या. तरी कुठल्याही दिशेला, कुठल्याही ऋतूत, सारखीच खरखर. ती होती सगळ्या आकाशातून येणारी, निरपेक्ष शून्याच्या सुमारे तीन अंश वरची उष्णता. विश्व पूर्वी तापलेलं आणि दाट असेल तर असा थंडावलेला प्रकाश उरायलाच हवा, असं आल्फर आणि हर्मन यांनी १९४८ मध्येच लिहून ठेवलं होतं, त्यांचा अंदाज ५ अंशांचा. कोबे उपग्रहानं १९९० मध्ये या प्रकाशाचा वर्णपट दिला, तो तापलेल्या वस्तूच्या पाठ्यपुस्तकी आलेखावर तंतोतंत बसला. आज तो आकडा २.७२५ केल्व्हिन आहे.

स्थिर स्थिती इथं हरली. पण हरलेल्या बाजूनं काय दिलं ते प्रकल्पात आवर्जून लिहा. महास्फोटवाद्यांना, विशेषतः जॉर्ज गॅमोला, वाटत होतं की सगळी मूलद्रव्यं सुरुवातीच्या त्या तप्त काही मिनिटांतच शिजली. हॉइलला सुरुवातच मान्य नव्हती, म्हणून त्याला ती दुसरीकडं कुठंतरी घडवणं भाग होतं. १९५७ मध्ये बर्बिज पती-पत्नी, फाउलर आणि हॉइल यांनी दाखवलं की कार्बन, ऑक्सिजन, लोखंड हे ताऱ्यांच्या पोटात तयार होतात. ते आजही मान्य आहे. सुरुवातीला बनलं ते हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम. वजनानं साधारण तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग हेलियम. आपल्या रक्तातल्या लोखंडाचा उगम कळला तो पराभूत सिद्धांत मानणाऱ्या माणसाच्या हट्टातून.

नारळीकरांनी आपला विरोध शेवटपर्यंत सोडला नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारलेला, अर्ध-स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला आणि त्या तीन अंशांच्या प्रकाशाचं वेगळं स्पष्टीकरण देऊन पाहिलं. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, मलाही पटत नाही. पण १९८८ मध्ये पुण्यात त्यांनी उभ्या केलेल्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेत महास्फोटाच्या चौकटीत काम करणारी माणसं त्यांच्याच छत्राखाली वाढली. त्याच संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह जगापुढं आणला. मतभेद असावेत तर असे. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मराठीत विज्ञान वाचणाऱ्या कितीतरी घरांत माणूस गेल्यासारखं वाटलं.

इथवरचं एकदा गोळा करून घेऊ. देवयानी बाहेरची आहे, दीर्घिका दूर जातायत, आकाशभर तीन अंशांचा प्रकाश आहे, हेलियम एक चतुर्थांश आहे. ही चार मोजमापं. उद्या कोणताही सिद्धांत आला तरी या चौघांना उत्तर दिल्याशिवाय त्याला उभं राहता येणार नाही.

आता व्हिडिओबद्दल. जेम्स वेब दुर्बीण डिसेंबर २०२१ मध्ये सुटली. विश्व जेमतेम ३० कोटी वर्षांचं असतानाच्या दीर्घिकाही तिला दिसल्या, आणि त्या अपेक्षेपेक्षा जास्त तेजस्वी आणि संख्येनंही जास्त निघाल्या. हे खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. पण यातून प्रश्न उभा राहतो तो 'सुरुवातीच्या दीर्घिका इतक्या लवकर कशा घडल्या' हा. वरच्या चारपैकी एकही मोजमाप त्यानं हललेलं नाही. उलट त्या दीर्घिकांचं 'इतक्या लवकरचं' वय आपण ठरवतो तेच प्रसरणाच्या हिशेबावरून. मुलीला व्हिडिओ दाखवा आणि विचारा, यात चारपैकी कशाला हात लावलाय? ती स्वतःच उत्तर देईल.

खरी उघडी भगदाडं दुसरीकडं आहेत, आणि ती लपवू नका. दीर्घिकांच्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेब दिसणाऱ्या द्रव्यानं भरत नाही, हे फ्रिट्झ झ्विकीनं १९३३ मध्ये सांगितलं. व्हेरा रुबिननं १९७० मध्ये, पुन्हा याच देवयानीत, बाहेरच्या भागाचा फिरण्याचा वेग मोजून ते ठसठशीत केलं. कृष्णद्रव्य त्यासाठी मानावं लागतं, पण त्याचा कण अजून एकाही प्रयोगशाळेत सापडलेला नाही. १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून कळलं की प्रसरण मंदावण्याऐवजी वाढतंय. त्यामागची कृष्णऊर्जा काय आहे, कोणालाच सांगता येत नाही. आजच्या हिशेबात नेहमीचं द्रव्य ५ टक्के, कृष्णद्रव्य २७, कृष्णऊर्जा ६८. प्रसरणाचा वेग त्या प्राचीन प्रकाशावरून ६७ येतो आणि जवळच्या ताऱ्यांवरून ७३ (दर ३२.६ लाख प्रकाशवर्षं अंतरामागं, सेकंदाला इतके किलोमीटर), आणि ही तफावत दोन्ही बाजूंनी कसून तपासूनही मिटत नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या 'डेसी' प्रकल्पानं तर कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी असे इशारे दिलेत, पक्कं झालेलं नाही. बदल होणार असेल तर इथून होईल. नववीतली मुलगी पीयूसी करून पुढं शिकेपर्यंत यातलं काहीतरी निकालात निघालेलं असेल, कदाचित तिच्याच पिढीच्या हातून.

तुमच्या वडिलांशी वाद घालू नका, त्यांना प्रकल्पात घ्या. कल्प ४३२ कोटी वर्षांचा, आणि पृथ्वी ४५४ कोटींची, हे जवळचे आकडे ते सांगतील. इतका मोठा काळ डोळ्यांसमोर आणणारे लोक आपल्याकडं होते ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण तो आकडा आला कुठून? ४३,२०,००० वर्षांचं महायुग, अशी एक हजार. तो खडक मोजून आलेला नाही. आर्यभटांनी तर १,००८ युगांचा कल्प घेतला आणि चारही युगं सारख्या लांबीची मानली, त्यावरून ब्रह्मगुप्तांनी त्यांच्यावर टीका केली. गणित जुळावं म्हणून काळाचे आकडे आपले गणिती स्वतः ठरवत होते, आणि एकमेकांचे तपासत होते. लमेत्र स्वतः धर्मगुरू होता, तरी १९५१ मध्ये पोपनं महास्फोटाचा धर्माला आधार म्हणून उल्लेख केला तेव्हा त्याला ते रुचलं नाही. श्रद्धा आपल्या जागी, समीकरण आपल्या जागी, असं त्याचं मत. आजोबांकडून मुलीनं नासदीय सूक्त म्हणून घ्यावं. 'हे कुठून आलं ते कोणाला ठाऊक' असं विचारून थांबणारं ते सूक्त तक्त्याच्या सुरुवातीला छान बसेल, फक्त त्याच्याखाली 'महास्फोट' असं लिहू नका.

तक्ता कसा करायचा? डावीकडं साल, मधे मोजमाप, उजवीकडं त्यामुळं बदललेलं मत. १५४३ नाही घेतलं तरी चालेल, १८३८ घ्याच. पुढं १९१२, १९२३, १९२९, १९५२, १९६५, १९९८. शेवटच्या ओळीत उजवीकडचा रकाना रिकामा ठेवायचा, मधल्या रकान्यात ६७ आणि ७३ लिहायचं. आणि टेबलावर तिची डेल्टाची वही उघडी ठेवायची, ढगाच्या नोंदींसकट. प्रदर्शन डिसेंबरात असेल तर दिवाळीच्या सुट्टीतच बघायला सुरुवात करा. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस त्रास देतील, पण डेल्टा तेवढ्या चांदण्यातही दिसतो, देवयानी दिसणार नाही. पहिले तीनचार दिवस तारा ओळखण्यात जातील, त्या नोंदी हिशेबात धरू नका. आलेख नीट बसला नाही तर तिच्या नोंदींचा फोटो इथंच टाका, कुठं घसरलंय ते बघून सांगतो.